नवीन पिल्लाला क्रेटची सवय लावताना: पहिल्या रात्रीपासून पुढे

कुत्र्याचे ८ आठवड्यांचे पिल्लू घरी येते, त्या दिवसापर्यंत ते एकही रात्र एकटे झोपलेले नसते. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात त्याचे आजवरचे सगळे आयुष्य गेलेले असते. मग एका संध्याकाळी त्याला गाडीतून अनोळखी घरात आणले जाते, घरातले सगळे त्याला आळीपाळीने उचलून घेतात, शेजारचे बघायला येतात, फोटो काढले जातात आणि रात्री अकरा वाजता त्याला जाळीच्या क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्यासाठीच्या दार असलेल्या पिंजऱ्यात ठेवून, दार लावून, दिवे मालवून मंडळी झोपायला निघून जातात. पिल्लू रात्रभर केकाटते आणि सकाळी घरात निष्कर्ष निघतो की याला क्रेट मुळीच आवडत नाही. वास्तविक क्रेटबद्दल त्याचे तोवर काहीच मत झालेले नसते. ते एकटे पडल्यामुळे घाबरलेले असते आणि ही भीती त्या जाळीशी कायमची जोडली जाण्याचा धोका मात्र पहिल्याच रात्री निर्माण होतो.

म्हणून पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या एका सूत्रावर उभ्या आहेत: क्रेटमध्ये बसणे हा एक धडा आहे, एकटे राहणे हा दुसरा, हे दोन्ही धडे स्वतंत्रपणे शिकवावेत आणि दाराला कडी लावण्याची वेळ शक्य तितकी उशिरा आणावी.

कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला बंदिस्त जागा आपोआपच आवडते, असे विक्रेते आणि काही प्रशिक्षकही सांगतात. हे अर्धसत्य आहे. कुत्री पिल्ले घालण्यासाठी आडोसा शोधते, एखाद्या जिन्याखाली किंवा वाळूच्या ढिगात खड्डा उकरते. पण पिल्ले चालू-फिरू लागली की तो आडोसा सुटतो, आणि बाहेरून कडी लावलेली गुहा तर निसर्गात कुठेच नसते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला नेहमीसाठी पिंजऱ्यात ठेवण्यावर कायद्याने बंधने आहेत, हेही लक्षात असू द्यावे. क्रेट उपयोगाचा आहे याबद्दल शंका नाही. शी-शूची शिस्त लावणे, विजेच्या वायरी चावण्यापासून पिल्लाला वाचवणे, गाडीचा प्रवास, पशुवैद्याकडचा मुक्काम या सगळ्यांत तो कामी येतो. मात्र त्याची आवड उपजत असेल असे गृहीत धरून चालत नाही, ती लावावी लागते.

पिल्लू येण्याआधी

२०१७ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या श्वानप्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. कुणी ५ आठवड्यांचे पिल्लू देऊ करत असेल तर ‘आत्ताच न्या, जास्त माया लागेल’ या बोलण्याला भुलू नये. त्या वयात आईपासून तोडलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकलेले नसते आणि एकटेपणाने लवकर बिथरते. रस्त्यावरचे अनाथ पिल्लू घेताना अर्थातच वयाची निवड आपल्या हातात नसते. तेथे मात्र क्रेटची घाई आणखीच कमी करावी.

पिल्लू सकाळी आणावे, म्हणजे रात्र पडण्यापूर्वी संपूर्ण दिवस हाताशी राहतो. घरातल्या एकाने तरी पहिले तीन-चार दिवस रजा काढावी. आणताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात: ते आजवर खात असलेले अन्न, जंताच्या औषधाची व लसींची नोंद, आणि आई-भावंडांच्या अंगाखाली राहिलेला एखादा जुना फडका. हा फडका न धुता तसाच आणावा, कारण पहिल्या रात्री महागड्या मऊ गादीपेक्षा त्या वासाचाच पिल्लाला आधार वाटतो.

क्रेट कोणता घ्यावा, तर आपल्या हवेसाठी घडीचा, तारेच्या जाळीचा आणि तळाला ट्रे असलेला बरा. प्लास्टिकचा बंद क्रेट प्रवासाला चांगला, पण नागपूर-जळगावच्या मे महिन्यात तो भट्टीसारखा तापतो. कापडी क्रेट पिल्लाचे दात यायच्या वयात आठवडाभरही टिकत नाही. फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडी क्रेट बनवून घेणार असाल, तर गजांमधली फट इतकी ठेवू नका की तीत पिल्लाचा पंजा किंवा खालचा जबडा अडकेल. वेल्डिंगची टोके घासून घेतली आहेत ना, हे स्वतः हात फिरवून बघा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने साधे लोखंड लवकर गंजते, तिथे पावडर कोटिंग पाहून घ्यावे.

मापाचा नियम सोपा आहे. मोठे झालेले कुत्रे आत डोके न वाकवता उभे राहिले पाहिजे, वळले पाहिजे आणि पाय ताणून कुशीवर झोपले पाहिजे. लॅब्राडोरला साधारण ४२ इंच, मध्यम आकाराच्या देशी कुत्र्याला ३६ इंच, बीगलला ३० इंच आणि शिट्झूला २४ इंच लांबीचा क्रेट पुरतो. मात्र ४२ इंचांच्या क्रेटमध्ये ८ आठवड्यांचे पिल्लू ठेवले तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करते. म्हणून मध्ये सरकवता येणारी जाळी असलेला क्रेट घ्यावा आणि पिल्लाच्या वाढीबरोबर ती मागे नेत जावी.

दिवसा क्रेट हॉलच्या अशा कोपऱ्यात असावा, जिथून घरातली माणसे दिसतात पण जिथून सतत ये-जा होत नाही. बाल्कनी, मुख्य दाराजवळची बेलखालची जागा, दुपारनंतर ऊन येणारी पश्चिमेची खिडकी आणि एसीचा थेट झोत टाळावा. वरून व मागून एक पातळ सुती चादर टाकावी, पण पुढची बाजू उघडी राहू द्यावी. उन्हाळ्यात तर चादर फक्त मागच्या बाजूला असावी आणि पंख्याचा वारा आत पोहोचतो का, हे तळाशी हात धरून पाहावे. अंथरायला जुनी, पातळ गोधडी उत्तम. मात्र पिल्लू तिचे दोरे उसवून गिळू लागले तर ती लगेच काढून घ्यावी. गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकू शकतो आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही.

पहिला दिवस

गाडीतून उतरल्यावर पिल्लाला थेट त्याच्या शी-शूच्या ठरलेल्या जागी न्यावे आणि त्याने शू करेपर्यंत शांत उभे राहावे. लसी पूर्ण झालेल्या नसताना सोसायटीच्या बागेत, जिथे इतर कुत्री येतात, त्याला जमिनीवर सोडू नये. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. लसींचे डोस साधारणपणे १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात, तोवर बाल्कनीतला कृत्रिम गवताचा ट्रे किंवा गच्चीचा स्वच्छ कोपरा ही जागा ठरवावी. पाहुण्यांना आठवडाभर थांबायला सांगावे. हे आपल्याकडे अवघड जाते, पण ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढे म्हटले की सहसा भागते.

क्रेटचे दार पहिल्या दिवशी सुतळीने मागे बांधून टाकावे. हलणारे दार पिल्लाच्या पाठीवर एकदा जरी आपटले, तरी पुढचे काही दिवस ते आत पाऊल टाकायला कचरते. पिल्लाला उचलून आत ठेवू नये, मागून ढकलूही नये. उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे उंबऱ्यापाशी, मग थोडे आत असे टाकून ठेवावेत आणि आपण तिथून बाजूला होऊन दुसरे काही काम करावे. पिल्लू फिरत फिरत येते, मान आत घालून तुकडा उचलते आणि लगेच बाहेर पळते. पळू द्यावे. थोड्या वेळाने कुणाचे लक्ष नसताना पुन्हा दोन तुकडे आत टाकावेत, म्हणजे या जागेत खाऊ आपोआप उगवतो असा त्याचा समज होतो. गोड बिस्किटे, दूध, मनुका, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेले काहीही खाऊ म्हणून देऊ नये. मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात आणि दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात.

दार लावण्याचा प्रश्न

या वयात पिल्लाला दिवसाकाठी तीन-चार वेळा जेवण लागते, म्हणजे सरावाच्या तीन-चार संधी रोज आयत्याच मिळतात. पहिल्या जेवणाचे भांडे क्रेटच्या तोंडाशी ठेवावे, पुढचे चार बोटे आत, त्याच्या पुढचे मध्यावर. चारही पाय आत ठेवून, शेपूट सैल सोडून पिल्लू जेवू लागले की भांडे मागच्या जाळीला टेकवावे. मागचा एक पाय अजूनही बाहेर ताणलेला असेल, तर समजावे की त्याने पळण्याची तयारी ठेवली आहे, आणि भांडे पुन्हा थोडे पुढे घ्यावे.

पिल्लू निवांत जेवत असताना दार हळूच पुढे ढकलावे, कडी लावू नये, हाताने नुसते धरून ठेवावे आणि जेवण संपण्याच्या आधी उघडावे. ‘आधी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पिल्लाने जेवण संपवले, वळले, दार बंद दिसले, त्याने पंजा मारला आणि मग आपण दार उघडले, तर पंजा मारल्याने दार उघडते हा धडा ते एका फटक्यात शिकते. एक-दोन दिवस असे झाल्यावर कडी लावावी आणि जेवण संपल्यानंतर दहा सेकंदांनी काढावी. त्या दहा सेकंदांत जाळीतून एक-दोन तुकडे द्यावेत. मग वेळ वाढवावी, पण दरवेळी वाढवतच नेऊ नये: अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पुन्हा दहा सेकंद, पाच मिनिटे असे खाली-वर ठेवले म्हणजे पिल्लाला प्रत्येक वेळ आधीपेक्षा अवघड वाटत नाही.

इथपर्यंत आपण क्रेटशेजारीच जमिनीवर बसलेले असतो. आता दुसरा धडा. दार बंद असताना उठून उभे राहावे, परत बसावे. मग दोन पावले जावे, परत यावे. मग स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन यावे. जाताना ‘आलेच हं सोन्या’ असा निरोपसमारंभ नको आणि परतल्यावर कौतुकाचा वर्षावही नको. पिल्लू आपल्याकडे पाहून परत डोके टेकवून झोपले, तर तो धडा पक्का झाला असे समजावे. मऊ भात आणि बिनसाखरेचे दही पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवून ठेवले तर या टप्प्यात फार उपयोग होतो; चाटण्यात वीस मिनिटे सहज जातात आणि चाटल्याने पिल्लू शांतही होते.

हे सारे पिल्लू दमलेले असताना करावे. या वयात ते दिवसातले १८ ते २० तास झोपते, आणि झोप अपुरी राहिली की संध्याकाळी पायजमा धरून लोंबकळते, हात चावते, घरभर गरगर धावते. अनेकांना हा खोडकरपणा वाटतो आणि ते आणखी खेळवतात. अशा वेळी शू करून आणावे, क्रेटमध्ये खेळणे द्यावे, दिवा मंद करावा. दहा मिनिटांत ते बहुधा आडवे होते. आत ठेवताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) मात्र न चुकता काढावा. जाळीत गळपट्टा अडकून कुत्री गुदमरण्याचे प्रकार खरोखर घडतात.

रात्र

दिवसाचा सराव अजून दार लोटण्यापर्यंतच पोहोचलेला असताना पहिली रात्र येऊन ठेपते, ही खरी अडचण आहे. तिचे उत्तर क्रेट आपल्या बिछान्याला लावून ठेवण्यात आहे. जमिनीवर गादी घालून झोपण्याची आपली जुनी पद्धत येथे पलंगापेक्षा सोयीची ठरते, कारण पिल्लाला आपला चेहरा त्याच्याच पातळीवर दिसतो आणि हात जाळीपर्यंत पोहोचतो. दार बंद केल्यावर ते फार तडफडत असेल, तर पहिल्या काही रात्री दार उघडे ठेवून क्रेटभोवती घडीचे कुंपण लावावे. इतर पुस्तकी शिस्तीपेक्षा मला हा मार्ग जास्त पटतो.

शेवटचे जेवण झोपण्याच्या तीनेक तास आधी द्यावे. पाणी मात्र उन्हाळ्यात तोडू नये. झोपण्यापूर्वी शू करवून आणावी आणि मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमाराचा गजर लावावा. गजराचा हेतू पिल्लाने रडून आपल्याला उठवण्याआधी आपण उठावे हा आहे. त्याला उचलूनच न्यावे, कारण चालवत नेले तर वाटेतच, बहुतेक वेळा लिफ्टमध्ये, काम उरकते. दिवा लावू नये, बोलू नये, खेळू नये. शू झाल्यावर हळू आवाजात शाबासकी, एक तुकडा आणि परत क्रेट. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलत जावा. तीन-चार महिन्यांच्या वयापर्यंत पुष्कळ पिल्ले सहा-सात तास सलग झोपू लागतात. क्रेट हॉलमध्ये न्यायचा असेल तर तोही एकदम न नेता रोज हात-दोन हात सरकवत, दारातून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून हॉलमध्ये न्यावा.

रडणे ओळखणे

‘रडले तरी दार उघडायचे नाही, नाहीतर डोक्यावर बसेल’ हा सल्ला इतका पसरला आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. पिल्लाचे सगळे रडणे एकसारखे नसते. झोपेला आलेले पिल्लू दोन-तीन मिनिटे थांबत थांबत कुरकुरते, आवाज उतरत जातो आणि ते झोपते. याकडे लक्ष दिले नाही तरी चालते. झोपेतून उठून, गोल फिरत, हुंगत, अचानक कुईकुई सुरू झाली तर शू लागली आहे. तेव्हा ताबडतोब बाहेर न्यावे. तिसरा प्रकार घाबरण्याचा. आवाज चढतच जातो, पिल्लू धापा टाकते, लाळ गाळते, जाळी चावते, तळ उकरते, आपल्याच शीत माखून घेते. येथे थांबून बघण्यासारखे काही उरत नाही. दार उघडावे, पिल्लाला शांत करावे आणि दुसऱ्या दिवसापासून सराव दोन पायऱ्या मागे न्यावा. घाबरलेले पिल्लू अखेर गप्प होते ते बहुधा थकून, आणि पुढच्या वेळी क्रेट दिसताच पलंगाखाली शिरते.

घरातल्या सगळ्यांचे यावर एकमत हवे. आई-बाबा नियम पाळतात आणि दुपारी आजी ‘बिचाऱ्याला का कोंडलंय’ म्हणून ऐन भुंकण्याच्या वेळी दार उघडते, हे फार घरांत होते. आजीला दूर ठेवण्याऐवजी दुपारचे जेवण क्रेटमध्ये देण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे. लहान मुलांना एकच नियम सांगावा: पिल्लू आत असताना जाळीत बोट घालायचे नाही, आणि क्रेटमध्ये स्वतः कधी शिरायचे नाही. खोडी केली म्हणून पिल्लाला क्रेटमध्ये डांबण्याचा प्रकारही कुणी करू नये.

आत शू झाली तर आधी कारण शोधावे: जागा फार मोठी आहे का, वेळ फार झाला का, नवीन अन्नाने पोट बिघडले का. दुकानातल्या पिंजऱ्यात घाणीतच वाढलेल्या पिल्लाला आपली झोपायची जागा कोरडी ठेवण्याची सवयच नसते; त्याला अधिक वेळा बाहेर नेण्याखेरीज उपाय नाही. थोडी-थोडी, वारंवार शू होत असेल तर मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी पशुवैद्याला दाखवावे. पुसायला फिनेल वापरू नये: ते चाटल्यास पिल्लाला घातक आहे. प्राण्यांच्या शूसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रव वास मुळापासून काढते, आणि वास गेला नाही तर पिल्लू पुन्हा तिथेच करते.

किती वेळ

दिवसा जागेपणी पिल्लू किती तास शू धरू शकेल, याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक: दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास. ही कमाल मर्यादा आहे, रोजचे वेळापत्रक नव्हे. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार तासांपेक्षा जास्त बंद ठेवू नये असे माझे मत आहे. नवरा-बायको दोघेही हिंजवडीला किंवा बीकेसीला जाऊन दहा तासांनी परतत असतील, तर क्रेट हे त्याचे उत्तर नाही. मधल्या वेळी येणारे माणूस आणि मोकळे कुंपण यांची व्यवस्था झाल्यावरच पिल्लू आणावे. उन्हाळ्यात वीज जाऊन पंखा बंद पडण्याची शक्यता असेल, तेव्हा घरी कुणी नसताना क्रेट बंद ठेवूच नये.

गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांच्या आधी निदान महिनाभर क्रेटचा सराव पक्का झालेला असावा. त्या दिवसांत तो आतल्या खोलीत न्यावा, चादरीने जास्त झाकावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा आणि दार उघडे ठेवावे. भेदरलेले कुत्रे बंद दारावर दात आपटून जखमी होऊ शकते. रस्त्यावरून आणलेल्या, वर्षभर मोकळे फिरलेल्या देशी कुत्र्याला काही आठवडे प्रयत्न करूनही बंद दार सोसत नसेल, तर क्रेटचा हट्ट सोडावा आणि एखादी खोली किंवा कुंपण यांवर भागवावे.

दात बदलण्याचे आणि वस्तू कुरतडण्याचे वय सरले, घरात सलग काही महिने अपघात झाले नाहीत, की रात्री दार उघडे ठेवायला सुरुवात करावी. बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत ही वेळ एक ते दीड वर्षाच्या आसपास येते. पण तेव्हाही क्रेटची घडी घालून तो माळ्यावर टाकू नये. आठवड्यातून एकदोनदा त्यात जेवण द्यावे, खेळणे देऊन पाच-दहा मिनिटे दार लावावे, म्हणजे पुढे शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, घराचे रंगकाम किंवा लांबचा प्रवास यांसाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकवण्याची वेळ येत नाही. गाडीत नेताना क्रेट मागच्या सीटवर नुसता ठेवू नये, पट्ट्याने घट्ट बांधावा.